तेकोलोतेचा मुखवटा

त्या सोमवारी आभाळातून राख पडत होती, आणि मला काळजी होती ती माझ्या मक्याची. आमचा ज्वालामुखी, ज्याला सगळं पुएब्ला शहर आदराने दॉन गोयो म्हणतं, सकाळपासून खोकत होता. कुस्तीच्या अरेनाबाहेर लांबलचक रांग होती. एका हातात लिंबू-तिखट लावलेल्या दाण्यांचा पेला आणि दुसरा हात त्यावर झाकण म्हणून, अशी मी उभी होते. तेवढ्यात मागून एक छत्री पुढे आली. माझ्या डोक्यावर नाही… फक्त पेल्यावर.

मी वळून पाहिलं. पापण्यांवर राख साचलेला एक तरुण उभा होता. त्याच्या बाहीला निळ्या दोऱ्याचा तुकडा चिकटला होता.

"डोकं धुता येतं," तो म्हणाला. "मका नाही धुता येत."

"आणि तुमच्या डोक्याचं काय?"

"त्यात तसंही काही नाही. तुम्हीच सांगाल बुधवारी सगळ्यांना."

म्हणजे त्याने मला आवाजावरून ओळखलं होतं. दर बुधवारी संध्याकाळी मी फोनसमोर बसून 'तिसऱ्या रांगेतून' नावाचा कार्यक्रम करते. कोण कुणाच्या जिवावर उठलंय, कुणाच्या कमरेला विजेतेपदाचा पट्टा शोभत नाही, कोण आपली कंपनी सोडून दुसरीकडे पळायच्या बेतात आहे… ऐकणारे बरेच आहेत आणि शिव्या देणारे त्याहून जास्त. हा कामावर असताना ऐकायचा म्हणे. गेल्या खेपेला मी कोमेता पैलवानाला 'दुधात भिजलेला पाव' म्हटलं, तेव्हा शिवता शिवता याच्या बोटात सुई घुसली होती. पुरावा म्हणून त्याने बोट दाखवलं. मी ते गरजेपेक्षा जरा जास्त वेळ पाहिलं.

"म्हणजे तुम्ही तेक्निकोंचे," मी म्हणाले. एखाद्याच्या डोक्यात उवा आहेत म्हणावं, तसंच म्हणाले.

"जन्मापासून," तो हसून म्हणाला.

आमच्या अरेनात हा भेद म्हणजे गंमत नाही. उजव्या बाजूला तेक्निकोंचे चाहते बसतात. तेक्निको म्हणजे नियमाने लढणारे, हरले तरी प्रतिस्पर्ध्याचा हात हातात घेणारे सज्जन. डावीकडे आम्ही, रुदोंचे. रुदो पंचाची पाठ वळली की डोळ्यात बोट घालतात, आणि आम्ही टाळ्या वाजवतो. मधल्या वाटेने पलीकडे जाऊन कोणी बसत नाही. नवरा-बायकोसुद्धा दारात वेगळी होतात आणि सुटल्यावर भेटतात.

आमची जागा डावीकडे तिसऱ्या रांगेत. 'आमची' म्हणजे माझी आणि चोना आत्याची. सत्तरी उलटलेली माझी आत्या विणकाम करता करता अशा शिव्या हासडते की पैलवानसुद्धा लाजतात. तिकिटं मात्र ती तीन काढते. तिचे यजमान गेले तेव्हापासून आमच्या मधल्या खुर्चीवर तिची लोकरीची पिशवी बसते. एकदा एका जाड्या माणसाने ती उचलायचा प्रयत्न केला, तर त्याच्या हातात सुई टोचून आत्या निर्विकारपणे पुढचा टाका घालू लागली.

त्या संध्याकाळी मी कुस्ती पाहिलीच नाही, उजवीकडेच पाहत बसले. तोही पाहत होता. कोमेता पडला की त्याचे डोळे भरून यायचे. मोठा माणूस, चारचौघांत, खुशाल रडायचा. मला हसू येत होतं, तरी नजर हटत नव्हती. आत्याने सुया न थांबवता विचारलं की माझी मान अवघडली आहे का.

त्याचं नाव लेओबार्दो. अरेनाच्या मागच्या गल्लीत त्याचं मुखवट्यांचं दुकान होतं, वडिलांकडून आलेलं. मी तिथे जायला लागले. कार्यक्रमासाठी माहिती हवी, असं स्वतःला सांगत होते. माहिती काही मिळत नव्हती, कारण त्याचं तोंड शिवलेलं. मुखवटा करणाऱ्याला पैलवानाचा खरा चेहरा माहीत असतो, खरं नावही. एकदा का त्याच्या दुकानातून गोष्ट बाहेर फुटली, की पुन्हा कोणी आपलं डोकं त्याच्या हाती देत नाही. मी मात्र अशी की तोंडात तीळ भिजत नाही. तो शिवत बसायचा, मी तिथल्या तिथे येरझाऱ्या घालत बोलत राहायचे, आणि आमचं 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते कळलंच नाही.

एकदा मी माझ्या भाकितांची फुशारकी मारत होते, तर त्याने गळ्यातली मापाची फीत काढली.

"थांब. किती हवा भरली आहे ते बघू."

आणि त्याने खरंच माझं डोकं मोजलं. कपाळाभोवती, मग हनुवटीखालून, मग नाकाच्या टोकापासून कानापर्यंत… त्याची बोटं गार होती आणि खडूचा वास येत होता. मी आयुष्यात पहिल्यांदा एवढा वेळ गप्प उभी राहिले.

"मग? किती आहे हवा?"

"सांगण्यासारखं नाही," तो म्हणाला, आणि मागे वळून उगाच दोरे आवरत बसला. मीही उगाच खिडकीबाहेर पाहिलं.

त्याच सुमारास जाहीर झालं की तेकोलोते आणि कोमेता मुखवट्याविरुद्ध मुखवटा पणाला लावून लढणार. तेकोलोते म्हणजे घुबड, आमचा रुदो, तपकिरी मुखवट्याचा. कोमेता निळा, त्यांचा. सात वर्षांचं वैर. जो हरेल त्याने सगळ्यांसमोर मुखवटा उतरवायचा आणि आपलं खरं नाव-गाव सांगायचं. मुखवट्याशिवाय पैलवानाला कोण विचारतो? म्हणून हरणारा उत्तरेच्या कंपनीत जाणार, एवढं गावभर झालं होतं. कोण जाणार, हे कोणालाच माहीत नव्हतं. हे आधी ठरलेलं असतं का, असा प्रश्न आमच्याकडे विचारत नाहीत.

आणि मग मला दॉन एल्पिदिओंनी बोलावलं. सोमवारच्या कुस्त्यांचं धावतं वर्णन ज्या रेडिओवर लागतं, तिथले ते सर्वेसर्वा. आखाड्याला खेटून एक खुर्ची असते, पुढे माइक असतो. त्या खुर्चीवर आजवर एकही बाई बसलेली नाही. मी लहानपणापासून त्या खुर्चीकडे पाहत आलेय. ते म्हणाले की ती रिकामी होते आहे, ओमेरो नावाचा एक निवेदकही तिच्या मागे लागलाय, पण बुधवारी मी सगळ्यांच्या आधी सांगितलं की कोण हरून जाणार, आणि ते खरं निघालं, तर खुर्ची माझी.

मी तिथून उडतच निघाले. ही बातमी सर्वांत आधी लेओबार्दोला सांगायची होती. दुकानाचं दार उघडं होतं, तो मागे पाण्याला गेला होता. टेबलावरच्या लाकडी डोक्यावर एक मुखवटा चढवलेला होता. तपकिरी. तेकोलोतेचा.

पण असा तेकोलोते मी कधी पाहिला नव्हता. मऊ कातडं, डोळ्यांभोवती सोनेरी दोऱ्याचे बारीक टाके, आतून लाल रेशमाचं अस्तर. जुन्या चाहत्यांना सगळ्यांना ठाऊक असतं, मला आत्याने लहानपणीच सांगितलेलं: ज्याचा मुखवटा जाणार, तो शेवटचा मुखवटा सर्वांत सुंदर करवून घेतो. कारण तो जिंकणाऱ्याच्या भिंतीवर टांगला जाणार असतो. तिथे विटका कसा द्यायचा? म्हणजे माझा तेकोलोतेच हरणार होता.

तेवढ्यात तो आला. मला पाहिलं, मुखवट्याकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा उतरला. त्याने घाईघाईने टॉवेल टाकला.

"हा कोणी बघायचा नव्हता अजून," तो म्हणाला. कान लाल झाले होते. "चूक माझीच. झाकून ठेवायला हवा होता."

मी काही पाहिलंच नाही, असं सांगून मी पळाले. खुर्चीचं सांगायचं राहूनच गेलं.

पुढचे दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. घरात बसवेना, बाहेर फिरवेना. दातांच्या दवाखान्यात मी फोन घेते, तिथे एका बाईंना दाढेऐवजी मुखवटा कधी काढायचा आहे असं विचारून बसले. माझ्या तेकोलोतेचं दुःख होतं. खुर्चीचा मोह होता. आणि त्या दोघांच्या मध्ये सारखे ते लाल झालेले कान येत होते. मी बोलले तर खुर्ची माझी. पण मी लेओबार्दोकडे जाते हे गल्लीत सगळ्यांनी पाहिलेलं. बातमी कुठून फुटली ते पैलवानांना विचारावंही लागलं नसतं.

बुधवार आला. फोनसमोर बसले. आत्या शेजारी विणत होती. प्रश्नांचा पाऊस पडत होता: कोण जाणार, नेरेइदा? बोल. मी तोंड उघडलं, मिटलं, पाणी प्याले. मग म्हणाले, "या वेळी मी सांगणार नाही."

आत्याच्या सुया थांबल्या. लोकांनी आधी विनवलं, मग चिडवलं, मग शेंदाड शिपाई ठरवलं. कार्यक्रम संपायच्या आत दॉन एल्पिदिओंचा निरोप आला की खुर्ची ओमेरोला दिली आहे. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं. लेओबार्दोचा फोन आला नाही, आणि मीही त्या गल्लीत फिरकले नाही.

सोमवारी अरेना फुटेस्तोवर भरलं होतं. आखाड्याजवळच्या खुर्चीवर ओमेरो केस चोपडून बसला होता. कोमेता जिंकणार, असं त्याने ठणकावून सांगितलं होतं. मी मात्र तेकोलोतेला निरोप द्यायला आले होते. पहिला डाव त्याने घेतला, दुसरा कोमेताने. प्रत्येक पेचाला वाटायचं, हाच शेवटचा. गुडघा इतका हलत होता की आत्याने त्यावर हात ठेवला.

तिसऱ्या डावात कोमेता दोरांवरून झेपावला. तेकोलोते बाजूला झाला, त्याला खाली दाबलं, आणि पंचाचा हात जमिनीवर एक, दोन… तीन.

डावी बाजू उठून नाचू लागली. ओमेरोचं तोंड उघडंच राहिलं. आणि मी? मी नुसती बसून राहिले. कोमेताने गुडघ्यावर बसून मानेमागच्या नाड्या सोडल्या, मुखवटा तेकोलोतेच्या हाती दिला आणि फाटक्या आवाजात आपलं नाव-गाव सांगितलं. साधासा, दमलेला, पन्नाशीकडे झुकलेला चेहरा. उजवी बाजू मुकी झाली होती. माझ्या डोक्यात मात्र एकच घोळत होतं. तेकोलोते जिंकला. मग तो मुखवटा कोणाचा?

आणि मला तो दिसला. लेओबार्दो मधल्या वाटेने इकडे येत होता, रुदोंच्या बाजूला. डोळे रडून सुजलेले, छातीशी कागदी पिशवी. आमच्या लोकांनी त्याच्यावर मक्याच्या लाह्या फेकल्या, टोप्या फेकल्या, आईबाप काढले. तो मान खाली घालून येतच राहिला, आमच्या रांगेपर्यंत.

"रस्ता चुकलास का रे?" आत्या म्हणाली. "रडायचं ते तिकडे."

"चुकलो नाही, आत्या. हिला काहीतरी द्यायचं होतं."

त्याने पिशवीतून काढला. मऊ कातडं, सोनेरी टाके, लाल रेशीम.

"तुझ्या मापाचा आहे," तो म्हणाला. "तेकोलोते हरो की जिंको, आज द्यायचाच, असं ठरवलं होतं. पण तू आधीच पाहिलास, आणि मग बुधवारी एकदम अशी गप्प… मला वाटलं, तुला माझं मन कळलं आणि नको आहे."

मी त्या मुखवट्याकडे बघत राहिले. तेकोलोतेचं डोकं कलिंगडाएवढं. हा तर त्याच्या एका गालावरही बसला नसता. पैलवानांच्या चालीवरून त्यांची जुनी दुखणी ओळखणारी मी, मला एवढं दिसलं नव्हतं.

"मला वाटलं, हा त्याचा शेवटचा," मी म्हणाले. "वाटलं तो हरणार आहे. मी बोलले असते तर तुझं दुकान बुडालं असतं."

त्याला उमगायला जरा वेळ लागला. मग त्याने आखाड्याजवळ बसलेल्या ओमेरोकडे पाहिलं. खुर्चीची गोष्ट एव्हाना गल्लीतही पोचली असणार.

"ती खुर्ची… माझ्यासाठी सोडलीस?"

"बोलले असते तरी तोंडघशीच पडले असते. आत्ताच कळलं."

"पण सोडलीस तेव्हा तुला कुठे माहीत होतं?"

त्याने हलकेच माझी मान पुढे वाकवली, मुखवटा चढवला आणि मागून नाड्या आवळायला लागला. आत रेशीम गार होतं, खडूचा वास येत होता, आणि माझा चेहरा कोणालाच दिसत नव्हता.

"लेओबार्दो, मला तू आवडतोस," मी म्हणाले. "कोमेताचा असूनसुद्धा."

नाड्या आवळणारी बोटं थांबली.

"इथे फार गोंगाट आहे," तो म्हणाला. "पुन्हा सांग."

ऐकू आलं होतं त्याला, पक्कं. तरी मी पुन्हा सांगितलं, बुधवारच्या आवाजात. पुढच्या दोन रांगा वळून बघायला लागल्या. तो माझ्या कानाशी वाकला आणि म्हणाला की कोमेतासाठी रडताना त्याला मी दिसत राहिले, आता त्याने नक्की कुणाच्या बाजूला बसायचं ते मीच ठरवावं.

मी काही बोलायच्या आत चोना आत्याने मधल्या खुर्चीवरची लोकरीची पिशवी उचलली, आपल्या मांडीवर घेतली, आणि कोणाकडेही न पाहता पुढचा टाका घातला.

"बस," ती त्याला म्हणाली. "पण इथे रडायचं नाही."