पहिल्या पानावरचा पांढरा चौकोन

आमचं दैनिक 'खाडीवार्ता' अलिबागेत निघतं. सन तीसच्या चळवळीत रोजचं पान आधी फौजदाराला दाखवावं लागे. तो लाल पेन्सिलीने जे खोडी, त्या अक्षरांचे शिशाचे खिळे आम्ही काढायचे. दुसरे संपादक ती जागा केशतेलाच्या जाहिरातीने भरत. माझे वडील ती कोरीच ठेवत. काय हिरावलं ते वाचकाला दिसू दे, म्हणत. ते तुरुंगात गेल्यावर मीही तोच हट्ट चालवला.

मीठ उचलताना धरलेला कान्हा कोळी त्याच फौजदाराच्या कोठडीतून पळाला, असं सरकारने जाहीर केलं. त्याची आई बायजा छापखान्यात आली.

"कोकिळाबाय, माजा पोर पलाला न्हाय. त्याला आतच मारला. नाव छाप त्याचा."

मी तसं सांगणाऱ्या चार ओळी लावल्या. फौजदाराने खोडल्या. पहिल्या पानावर वीतभर जागा कोरी गेली.

दुसऱ्या दिवशी तो तणतणत आला. "ही कोरी जागा म्हणजे सरकारला शिवी आहे! तिथे आमची जाहीर सूचना लावा. माझ्यासमोर छापा."

आमच्या यंत्रावरच्या धर्माजीने सूचना लावली, शाई फिरवली, यंत्र चालवलं. बाकीचं पान छान उठलं. ती जागा पांढरी. शाई बदलली, कागद बदलला. पांढरीच. मी हात लावला तर तिथे ओल होती. बोट जिभेवर टेकवलं. खारट.

"खिळं बरोबर हायत, ताई," धर्माजी पुटपुटला.

"नाटकं करता काय!" म्हणत फौजदाराने सूचनेच्या शाई लावलेल्या खिळ्यांवर स्वतःचाच अंगठा दाबला.

उचलला, तेव्हा अंगठ्यावर सूचनेतला एकही शब्द नव्हता. 'कान्हा' एवढंच होतं.

रॉकेलने घासलं. गेलं नाही.

"वाचा की मोठ्याने!" मी म्हणाले. गप्प बसणं आमच्या घराण्यात नाही.

मूठ मिटून तो चालता झाला.

दैनिक बंद पडलं नाही. वडील सुटून आले. पुढे पान आधी दाखवायची सक्ती उठली, खोडणारेही गेले, तेव्हा आम्ही कान्हाची बातमी त्या जागी लावून पाहिली. तीही उठली नाही. रोज तो पांढरा चौकोन निघायचा. बायजा रोज अंक घेऊन त्यावर हात ठेवायची. फौजदार हरिहरेश्वराकडे जाऊन राहिला होता. त्याच्या अंगठ्याला कायम चिंधी असते, असं कानावर यायचं.

आता सन अडतीस चालू आहे. परवा सकाळी प्रत्येक अंकावर, त्या चौकोनात, काळा अंगठा उठला.

दुपारी हरिहरेश्वराजवळच्या दिघीहून आलेल्या बोटीने निरोप आला. फौजदार पहाटे वारला.

बायजा त्या ठशाकडे बघत राहिली. "दिला मेल्यानं अंगठा. आता छाप."

काल त्याच चार ओळी पुन्हा लावल्या. काळ्याभोर उठल्या.

खाली, सहीच्या जागी, आम्ही न लावलेला तोच अंगठा होता.