डब्यातून गायब झालेलं नाव

औरंगपुऱ्यात मैत्रिणीसाठी भेटवस्तू शोधत होते, आणि दुकानाच्या फळीवर माझाच खेळ दिसला! 'टँकर आला रे'... तेच इवले हंडे, तीच रांग, माझेच नियम. फक्त माझं नाव कुठंच नाही.

आमच्या पडेगावात इमारतींवर इमारती चढत होत्या, नळ मात्र कोरडे. टँकरची वाट बघणाऱ्या पोरांना रमवायला मी हा खेळ रचला आणि नेटवर सगळ्यांसाठी मोकळा ठेवला. छापा, बदला, खुशाल विका. अट एकच, अंबिकानं रचलाय एवढं लिहा. तेवढीही दानत नसावी?

डब्यावर छापलं होतं, 'काही कमी असल्यास कळवा, फुकट पाठवू.' खेळ छापणाऱ्या कंपनीचं ऑफिस दुकानाच्या वरच होतं. तणतणत जिना चढले. तक्रारीच्या टेबलामागं एक तरुण बसला होता... डोळे हसरे. माझं डोकं आणखीच फिरलं.

"डब्यात एक वस्तू कमी आहे."

"हंडा का फासा?"

"माझं नाव!"

तो हसला नाही. "म्हणजे... अंबिका तुम्हीच? नेटवरून उतरवून खेळलोय मी. खेळताना लई भांडलो भावाशी!"

आतून मालक साहेबराव गरजले, "फुकट वाटलेल्या मालावर कसला हक्क, बाई?"

"फुकट दिलंय, टाकून नाय दिलं!" माझे डोळे भरून आले. त्या रडण्याचाही मला रागच आला.

तरुणानं, म्हणजे सुदर्शननं, पाण्याचा ग्लास पुढं सरकवला. "तक्रार घेतली. कमी असलेली वस्तू – नाव."

मग हंडा हरवल्याचा कुणाचाही फोन आला की तो सांगायचा, "डब्यात नावही कमी आहे, तेही मागा." लोक मागू लागले. साहेबराव भडकले, तेव्हा त्यानं सुनावलं, "नाव गाळलं की छापायची परवानगीच संपली, साहेब." हे सगळं तो मला फोनवर सांगायचा... आणि तक्रार सोडून भलतंच बोलत बसायचा. मीसुद्धा.

एके सकाळी टँकरच्या रांगेत तो समोर उभा. हातात नवा डबा, झाकणावर ठसठशीत माझं नाव.

"मिटली तक्रार?"

"आणि नोकरी?"

"राहिली. बोलणी लई खाल्ली."

मी डबा उघडला, खाली मान घालून चाचपला. "एक हंडा कमी आहे."

"नाय हो, मी स्वतः भरलाय –" त्याची नजर माझ्या मिटलेल्या मुठीवर थांबली. "मग... घरी आणून द्यावा लागंल?"

"व्हय," मी म्हणाले. "रविवारी या. आई-बाबा घरीच असतात."