सॅम्पल घरासमोरचा मटार

"अहो... ते आमचं लॉन आहे!"

मी दचकून वर पाहिलं. हातात खुरपं, गुडघे चिखलात, नाकावरून पावसाचं पाणी ओघळतंय... आणि समोर छत्री घेतलेला जोएल. बिल्डरचा विक्री-प्रतिनिधी. गेल्या उन्हाळ्यात यानेच मला आणि बाबांना या नव्या वसाहतीतलं घर विकलं होतं.

"माहीत आहे. मटार लावतेय."

"सॅम्पल घरासमोर?"

"मग कुठे लावू? आमच्या मागच्या अंगणात कुदळ मारली की विटांचे तुकडे निघतात. ओढ्यापलीकडे प्रत्येक घराला भाजीबागेचा तुकडा मिळेल, असं तुम्हीच म्हणाला होतात ना? कुठे आहे तो?"

त्याचा चेहरा पडला. त्याने छत्री माझ्या डोक्यावर धरली आणि स्वतः भिजत उभा राहिला. मला उगाचच आणखी राग आला.

"क्लेमंटकाका कसे आहेत?" त्याने हळूच विचारलं.

"बाबा? खिडकीत बसून असतात. दाढीसुद्धा करत नाहीत."

हृदयाच्या ऑपरेशननंतर बाबांनी ब्रिस्टलमधली त्यांची जुनी भाजीबाग सोडली, ती फक्त इथे दुसरी मिळणार म्हणून. नाहीतर ते माझ्याबरोबर राहायला आलेच नसते.

जोएल म्हणाला, "त्या जागेवर आता पार्किंग करायचंय आमच्या साहेबांना. गुरुवारी गावच्या कौन्सिलपुढे विषय आहे. मला कालच कळलं."

"आणि तुम्ही गप्प बसणार?"

"माझी नोकरी आहे, ब्रायनी..."

त्याच्या तोंडून माझं नाव मला फारच आवडलं. म्हणूनच मी तडक घरी निघून आले.

दुसऱ्या संध्याकाळी पाहते तर माझा मटार कुणी उकरून काढला नव्हता. उलट वेलांसाठी काटक्या रोवून सुतळी बांधली होती.

"साहेबांना सांगितलं, ही नवी फॅशन आहे," जोएल सॅम्पल घराच्या दारातून म्हणाला.

"आणि पटलं त्यांना?"

"त्यांनी मटार फक्त डब्यातला पाहिलाय."

मला हसू आवरेना. त्यालाही. मग रोज संध्याकाळी मटार बघायचं निमित्त... मटार अजून उगवायचा होता, हे दोघांनाही माहीत होतं!

गुरुवारी कौन्सिलच्या सभेला चर्चचा हॉल भरला होता. बाबा हट्टाने माझ्याबरोबर आले. बिल्डरचे साहेब उठून गोड हसले. "भाजीबागा हा नुसता एक विचार होता. आम्ही कुणालाही शब्द दिला नव्हता."

मी उभी राहिले, पण मी बोलायच्या आत मागून आवाज आला.

"दिला होता."

मागच्या रांगेतून जोएल उठला होता. "मी दिला होता. प्रत्येक घर विकताना. आणि तसं सांगायला तुम्हीच लावलंत, साहेब. या काकांनी तिथली माती हातात घेऊन हुंगली, मगच सही केली. मी समोर होतो."

मग कौन्सिलच्या सभासदांचे हात वर झाले, एकामागून एक. पार्किंग नामंजूर! शिवाय मागेल त्या प्रत्येक घराला पुरतील इतके तुकडे आखून दिल्याशिवाय पुढची घरं बांधायची नाहीत.

बाबांनी इतका लांब श्वास सोडला, की जणू ब्रिस्टल सोडल्यापासून तो त्यांनी छातीतच धरून ठेवला होता. मला रडूच कोसळलं.

बाहेर रिमझिम सुरू होती. जोएल भिंतीला टेकून उभा होता.

"नोकरी गेली?"

"बहुतेक. पण गंमत बघा... आज शांत झोप लागेल असं वाटतंय."

"तू हे... बाबांसाठी केलंस?" 'तू' कधी निघालं तोंडातून, कळलंच नाही.

"हो. म्हणजे... नाही. खोटं बोलणं सोडायचंय मला." त्याने माझा हात हातात घेतला. "तू चिखलात बसून माझ्यावर ओरडत होतीस ना, तेव्हाच संपलो मी. तू आवडतेस मला, ब्रायनी. फार."

"मग इतके दिवस काटक्याच रोवत होतास होय, वेड्या?"

मागून बाबांचा आवाज आला. "काय रे पोरा, जमीन खणता येते का?"

"नाही, काका."

"मग शनिवारी सकाळी ये, शिकवतो. आणि पोरी, सोड त्याचा हात. खणायला दोन्ही लागतील त्याला."

शनिवारला अजून वेळ होता. मी हात सोडला नाही.