‘आर’चा पाय

क्लबने माझा टाइपफेस विकत घेतला आणि त्याची पार माती केली. रोमन लिपीतली ती अक्षरं मी पुस्तकांच्या मुखपृष्ठांसाठी काढली होती. जाड रेघ भरदार, बारीक रेघ केसाएवढी, आणि प्रत्येक टोकाला सेरिफ, म्हणजे अक्षराला जमिनीवर नीट उभं करणारी चिमुकली पावलं. या मंडळींनी ती टॉवेलांवर छापली. मेनूकार्डावर, साबणाच्या वड्यांवर, अगदी संडासाच्या दारावरसुद्धा. सेक्रेटरी कौतुकाने सांगायचे की तुमच्या अक्षरांमुळे क्लबला क्लास आला. क्लास म्हणजे त्यांना काय वाटायचं, ते त्यांच्या टायवरून कळतच होतं.

माझा नवरा त्याच क्लबचा मेंबर. रोज सकाळी तिथल्या तलावात पोहायचा आणि ओल्या केसांनी घरी येऊन, आज कोण कोण भेटलं ते सांगत बसायचा. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी सेरिफ आणि साधं अक्षर यातला फरक त्याला कळत नव्हता. माणूस मात्र लाखात एक. मी कितीही फणकारले तरी सकाळचा चहा तोच करायचा, आणि तो मला लागायचाच.

तलावाशेजारच्या कॉरिडॉरमध्ये एक संगमरवरी भिंत आहे. गेलेल्या मेंबरांची नावं तिच्यावर पितळी अक्षरांत लावतात. जन्मभर एकमेकांचं तोंड न पाहणारे तिथे गुण्यागोविंदाने राहतात. प्रत्येक अक्षराच्या मागे खुंट्या असतात, त्या दगडातल्या भोकांत बसतात. कुठल्या अक्षराला कुठे खुंटी, हे मीच आखून दिलं होतं; अक्षरं ओतून भिंतीवर बसवायचा तो माझा फिटर. फक्त ‘आर’चा तिरपा पाय माझ्या डोक्याला ताप होता. टोकाला तो इतका निमुळता होतो की खुंटी धरतच नाही. शेवटी मी तो तसाच सोडला, आणि भिंतीवरच्या सगळ्या ‘आर’चे पाय जरासे उचललेले दिसतात.

एक दिवस सेक्रेटरींचा फोन आला. तुमच्या फिटरने भिंतीची वाट लावली म्हणाले. शेवटच्या नावाखाली कुणीतरी भोकांची ओळ पाडून ठेवली होती. मी फिटरला चांगलं फैलावर घेतलं. तो शपथा घेऊन सांगायला लागला की ड्रिल मशीन कधीचं बिघडून पडलंय. मी विचारलं, मग काय उंदरांनी संगमरवर पोखरला?

पुढच्याच आठवड्यात क्लबचे अध्यक्ष टेनिस खेळता खेळता कोसळले आणि गेले. फिटर त्यांचं नाव लावायला आला, तर त्याला एकही भोक पाडावं लागलं नाही. अक्षरं त्या ओळीत चपखल बसली. सेक्रेटरींनी शोकसभेत माझ्या नियोजनाचं जाहीर कौतुक केलं. त्या डोक्याकडून मी वेगळी अपेक्षा ठेवलीच नव्हती. मी योगायोग म्हणून विषय सोडून दिला. फिटरने काम सोडलं.

मग एकदा नवऱ्यानेच जेवताना सहज सांगितलं की भिंतीवर पुन्हा भोकं पडलीत. मी जाऊन ती ट्रेसिंग पेपरवर उतरवून घेतली आणि घरी एकेक अक्षर वर ठेवून पाहायला लागले. दुसऱ्या कुणाला ते नुसते ठिपके दिसले असते. मला ते वाचता येत होते. पहिल्या अक्षराला मी नाक मुरडलं. तिसऱ्याला हात थांबला. शेवटचं अक्षर ‘आर’ होतं, आणि नाव माझ्या नवऱ्याचं होतं.

मी त्याला क्लब सोडायला सांगितलं. का, तेही सांगितलं.

"अगं, भोकं आहेत ती," तो म्हणाला. "बुजवून टाका."

सेक्रेटरींनी ती बुजवून घेतली. दुसऱ्या दिवशी होती तशी होती.

मी घाबरले की मला आधी राग येतो. माझीच अक्षरं वापरून मलाच दम द्यायचा? मी अक्षरांचे जुने साचे काम सोडून गेलेल्या फिटरकडून मागवून मोडीत काढले. मग संगणकावर बसून नवऱ्याच्या नावातल्या प्रत्येक अक्षराच्या खुंट्या हलवल्या. आता हे नाव त्या भोकांत बसणं शक्यच नव्हतं. ‘आर’चा पाय तेवढा राहिला. या वेळी खुंटी द्यायचीच होती, पण कुठे, ते ठरेना. ती जागा रिकामी ठेवून मी आराखडा छापला. कुणाला पाठवला नाही, नवऱ्यालाही दाखवला नाही. त्याला काय कळणार होतं?

सकाळी कागद घेऊन मी त्याच्याबरोबर क्लबात गेले. खरं सांगायचं तर भिंतीला वाकुल्या दाखवायला.

"बंदोबस्त झालाय ना?" त्याने विचारलं.

मी ऐटीत मान हलवली.

"मग जरा पोहून घेतो. चहा घरी गेल्यावर करतो."

तो काचेच्या दारातून तलावाकडे गेला. त्याच्या हातापायांचा छपछप आवाज कॉरिडॉरपर्यंत येत होता.

भिंतीवर जुनी भोकं नव्हती. दगड एकदम गुळगुळीत होता.

त्याच ओळीत नवी भोकं होती.

मी कागद लावला. पहिलं अक्षर बसलं. दुसरं बसलं. सगळी बसली.

‘आर’ला एक भोक जास्त होतं.

पायाखाली. टोकाला नाही, पाय जिथे वळायला लागतो तिथे, किंचित आतल्या बाजूला.

जागा बरोबर होती. इतक्या वर्षांत मला ती सुचली नव्हती.

मी बघतच राहिले. कौतुकाने, हो. बोट लावून पाहिलं, तर भोकाची कड अजून कोमट होती.

पलीकडून पाण्याचा आवाज येत नव्हता. केव्हापासून, ते माझ्या लक्षातच आलं नाही.