चार चुकलेले गुरुवार

प्रयोगशाळेतली जोडीदार गुड्डी तापाने फणफणली म्हणून सरांनी दामिनीची जोडी शहापूरच्या प्रितमशी लावली. एवढंच निमित्त!

वाऱ्याने लोलकाचा झोका बिघडू नये म्हणून पंखा बंद. लोलकाची लोखंडी पट्टी तो हलकेच सोडायचा, ती स्टॉपवॉच दाबून झोके मोजायची. पहिल्या दाबाला 'शून्य' म्हणायचं असतं. पण धान मोजताना तिच्या घरी पहिल्या मापाला 'लाभ' म्हणत अन् पुढे दोन, तीन... तेच तिच्या तोंडी बसलेलं. त्यामुळे वीस म्हणेपर्यंत झोके एकोणीसच व्हायचे. गुरुत्वाचं उत्तर ९.८ ऐवजी १०.८ यायचं. सर दर गुरुवारी लाल शाईने लिहायचे— 'पुन्हा करा, त्याच जोडीने'.

तिसऱ्या गुरुवारी तिला आपली चूक उमगली. तरी चौथ्या गुरुवारी येरे माझ्या मागल्या— "लाभ, दोन..." वेंधळी नव्हती हो ती. तिला आणखी एक गुरुवार हवा होता.

पाचव्या गुरुवारी आभाळ भरून आलं होतं. प्रितमने पट्टी हातात धरून ठेवली.

"शनवारी पुण्याले जाऊन राहिलो. कंपनीत लागलो."

"अन् कॉलेज?"

"बाबा गेल्यापासून घरी कमावणारं कोणी नाई, दामिनी." त्याने पट्टी बाजूला ओढून धरली. "आज शून्यापासून मोज. नाई तं तुह्या जर्नलवर सही होणार नाई."

तिचा चेहरा उतरला. "तुले... माहीत होतं?"

"पयल्याच दिवशी समजलं."

"मंग काहून नाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तं..." तो पट्टीकडेच बघत होता. "तू गुड्डीसंग पुढच्या प्रयोगाले गेली असती."

"मले बी समजलं होतं," ती पुटपुटली. "तिसऱ्या गुरुवारी."

दोघं हसले, पण हसू काही टिकलं नाही. तिच्या मनात आलं, म्हणावं— नको जाऊ. पण त्याच्या घरची चूल तिला दिसत होती. ती म्हणाली, "सोड पट्टी."

"शून्य..."

तिने एकही झोका चुकवला नाही. तिचा जीव तुटत होता, तरी आवाज हलला नाही. उत्तर आलं ९.७८. सरांनी खूश होऊन सही केली.

जर्नल परत देताना प्रितम हळूच म्हणाला, "बरोबर आलेलं तुह्याजवळ राहू दे. मले ते चुकलेले चार कागद पाहिजेत."

लाल शाईची चारही पानं तिने जपून फाडली. त्याने घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली. सरांनी पुढच्या जोडीला हाक मारली, तेव्हा टेबलावरची जागा दोघांनी रिकामी करून दिली.