तबकडीतली टकटक

पत्र येऊन महिना झाला, तरी बंकटनं उत्तर लिहिलं नव्हतं. लिहिणार तरी काय? शाळेच्या विज्ञान मंडळाचा तो प्रमुख, म्हणून संशोधन केंद्रानं त्यालाच विचारलं होतं : 'तुमच्या गच्चीवरच्या रेडिओ-दुर्बिणीच्या तबकडीच्या नोंदीत दर सेकंदाला टकटक येते. ती कशाची? वीस मेपर्यंत उत्तर टपालात टाका, नाहीतर तबकडी दुसऱ्या गावी हलवावी लागेल.'

आज वीस मे! टपालाची थैली चारला निघायची.

चकलांब्याच्या शाळेच्या गच्चीवरची तबकडी आणि सहाशे किलोमीटरवरची दुसरी, दोन्ही एकाच क्षणी आकाशातल्या एकाच ठिपक्याच्या रेडिओलहरी टिपत. नोंदी जुळवल्या, की सहाशे किलोमीटर रुंद तबकडीतून दिसावा तसा बारकावा मिळे. पण टकटकीत जुळणार काय?

"रडत बसलास कावून? ऊठ!" त्याच्या वर्गातली सईदा म्हणाली. तिचे अब्बा रेडिओ दुरुस्त करत. त्यांचा ट्रान्झिस्टर तिनं दोन स्टेशनांच्या मधे लावला. टक्... टक्! "आवाज लई मोठा होईल, तिथंच चोर!"

तीन वाजले होते. बंधाऱ्याकडे आवाज बारीक झाला. सोसायटीच्या चारा डेपोकडे वळताच ट्रान्झिस्टर ठोठावू लागला!

मोकाट गुरं कडब्यावर तुटून पडत, म्हणून चेअरमन अर्जुनरावांनी डेपोला तार ओढून झटका मशीन बसवलं होतं. दर सेकंदाला तारेत झटका!

"काका, पाच मिनिटं मशीन बंद करा ना!"

"अन् गुरं शिरली तर तुजा बाप राखण करील का? पळा!"

बंकट मागे फिरलाच होता. तेवढ्यात सईदा ओरडली, "हात लावू नको, पण इथं बघ!"

तारेतली वीज खुंटात उतरू नये म्हणून लोखंडी खुंटावर तारेखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला होता. उन्हानं तो तडकला होता. बंकटनं बाजूला पडलेलं रिकामं पोतं उचललं, स्वतःच्या डोक्यावर घेतलं.

"काका, पोत्याखाली या. एकदाच!"

कुरकुरत अर्जुनराव वाकले. अंधारात दर टकटकीला एक निळी ठिणगी उडत होती. खाली वीतभर अंतरावर वाळका कडबा!

"गुरं शिरली तर चार पेंढ्या खातील," बंकट म्हणाला, "अन् ही खाली पडली तर?"

अर्जुनराव धावतच गेले आणि मशीन बंद केलं. ट्रान्झिस्टरमध्ये नुसती खरखर उरली. सईदानं सायकलच्या दुकानातून नवी ट्यूब आणून गुंडाळली. मशीन सुरू झालं. खरखरच!

बंकटनं मांडीवरच कागद धरून लिहिलं : 'टकटक चारा डेपोच्या तारेची होती. ती थांबली. तबकडी इथंच ठेवा.'

"चूक माजी हाय, तेबी लिही," अर्जुनराव म्हणाले. "अन् या पोरांनी तीन गावांचा चारा वाचवला, हे आदी लिही!"

दोघं धापा टाकत पोहोचली, तेव्हा टपालघरातल्या केशरबाई थैलीला गाठ मारत होत्या.

"मावशी, थांबा!"

त्यांनी गाठ सोडली. पत्र आत पडलं.