दोन लाख किलोमीटर आणि एक दार

बस चुकली म्हणून मी थांबले, आणि समोरच्या फाटकाशी एक जुनी निळी गाडी दिसली. मागच्या काचेवर कागद – ‘विकणे आहे’. मी वाकून आत डोकावले, तर आतून एक चेहरा माझ्याकडेच बघत होता!

“दोन लाख किलोमीटर झालीत,” तो म्हणाला. “आधीच सांगून टाकतो.”

असा कसा हा विकणारा? मी शेजारच्या सीटचं दार ओढलं, ते हलेना. त्याने आतून हात लांबवून उघडलं.

“बाहेरून उघडतच नाही हे. तेवढं एक दुखणं आहे.”

तो चित्रकलेचा मास्तर. आता घराजवळच्याच शाळेत लागला होता, म्हणून गाडी काढायची होती. मी घरोघरी जाऊन पेशंटना व्यायाम शिकवते. सोमवारपासून मला टेकडीपलीकडचे पेशंट मिळणार होते, आणि तिकडे बस जात नाही. गाडी नाही, तर काम नाही.

दुसऱ्यांदा गेले, तेव्हा तो म्हणाला, “गिअर अडकतो कधी कधी.” तिसऱ्यांदा – “चढावर दम लागतो हिला.” पुढच्या खेपेला – “ब्रेक जरा...”

घ्यावी की नको? मी वहिनीसमोर डोकं धरून बसले.

“गाडीच बघायला जातेस ना?” वहिनी हसली. “मग रोज कानातले का बदलतेस?”

“काहीही हं, वहिनी!” म्हणाले खरी... पण गिअर आठवायला गेलं की गिअरवरचा त्याचा हात आठवायचा. माझं मलाच काही कळेना.

शनिवारी मी ओळखीच्या मेकॅनिककाकांना घेऊन गेले. त्यांनी गाडी चढावर नेली, खाली आडवं होऊन बघितली.

“ते दार सोडलं तर ठणठणीत आहे. गिअर, ब्रेक, सगळं. खुशाल घे, पोरी,” म्हणाले आणि स्कूटर काढून निघून गेले.

मी वळले. मास्तरांचे कान लालबुंद.

“खोटं का सांगितलंत? विकायची नाहीये का?”

“विकायचीय हो...”

“मग?”

“तुम्ही गाडी घेतलीत की... परत इकडे कशाला याल?”

या माणसापायी माझं काम हातचं जाणार होतं! मला राग यायला हवा होता. पण कुठला राग! गाडी सोडावी तर काम जातं, घ्यावी तर हा...

“गाडी घेतली मी. चावी द्या.”

त्याने चावी दिली. चेहरा एवढासा झाला होता. मी गाडी सुरू केली, वळवली, त्याच्यापाशी आणून थांबवली. मग हात लांबवून शेजारचं दार आतून उघडलं.

“बसा.”

“कुठे?”

“टेकडीपलीकडचा रस्ता दाखवा. आणि तुम्ही मला आवडता – हे चढावर सांगू की सपाटीवर, तेच कधीचं ठरत नाहीये.”

तो बसला. दार ओढून घेतलं, आणि हळूच म्हणाला, “चढावर सांगा... हिला काही दम लागत नाही.”